नवीन विंडोज ११ आपल्या हाताला कशी बसवायची? खान्देशातल्या मंडळींसाठी टिप्स, जुगाड आणि मराठी टायपिंग

गिरणाकाठ, जळगाव

राम राम मंडळी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून आपल्याकडं बऱ्याच जणांनी गोलाणी मार्केटमधून नवीन लॅपटॉप आणले, आणि रोज संध्याकाळी कोणाचा ना कोणाचा फोन असतोच की भाऊ स्टार्ट बटण मधेच कसं काय आलं, राइट क्लिक केलं तर कॉपी पेस्ट दिसतच नाही, डेस्कटॉपवरच्या फायलींवर ढगाचं चित्र आलंय. हे सगळं एका जागी असावं म्हणून धागा काढतोय. ज्याला जे माहीत असेल ते टाका, पण स्वतः करून पाहिलेलंच टाका, यूट्यूबवर ऐकलेलं नको.

माझं म्हणणं आधीच सांगतो. नवीन सिस्टीमला हात लावायच्या आधी परत यायचा रस्ता तयार ठेवा, मग सेटिंग्जमधे जे मिळतं ते वापरा, आणि बाहेरचं सॉफ्टवेअर अगदी शेवटी. उलटं केलं की गोंधळ होतो.

परत यायचा रस्ता म्हणजे रिकव्हरी की. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नवीन मशीन मायक्रोसॉफ्ट अकाउंटने चालू केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे कुलूपबंद होते, होम एडिशनला पण. त्याची ४८ आकड्यांची की त्या अकाउंटमधे जाऊन बसते. पुढं कधी बायोस (मशीन चालू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट झालं, मदरबोर्ड बदलला, सिक्युअर बूट (चालू होतानाची सुरक्षा तपासणी) इकडंतिकडं झालं तर निळ्या स्क्रीनवर ती की मागतात आणि नसेल तर डेटा गेला म्हणून समजा. आमच्या गल्लीतल्या एका काकूंचा लॅपटॉप असाच अडकला होता, विकत घेताना दुकानातल्या पोराने सेटअप लवकर उरकायला दुकानाचाच ईमेल टाकून दिला होता. की त्या दुकानाच्या अकाउंटमधे. नशीब तो ईमेल अजून चालू होता, नाहीतर नातवाच्या बारशाचे फोटो काही मिळाले नसते. म्हणून नवीन मशीन घेताना सेटअप आपल्याच ईमेलने, आपल्याच समोर, आणि घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या साइटवर डिव्हायसेसमधे जाऊन ती की वहीत लिहून ठेवायची. लॅपटॉपमधेच सेव्ह करून ठेवू नका, कुलपाची किल्ली आतच ठेवल्यासारखं होईल.

आता नेहमीच्या तक्रारी. स्टार्ट डावीकडं न्यायला टास्कबारवर राइट क्लिक, टास्कबार सेटिंग्ज, खाली टास्कबार बिहेविअर्स, तिथं अलाइनमेंट लेफ्ट करा. तिथंच खाली कम्बाइन टास्कबार बटन्स आहे ते नेव्हर करा म्हणजे प्रत्येक विंडो नावासकट वेगळी दिसते, चार एक्सेल उघडून काम करणाऱ्याला याच्याशिवाय चालत नाही. विजेट्स बंद करायचं बटण पण त्याच पानावर आहे.

राइट क्लिकमधे कॉपी पेस्ट गेलं नाहीये, ते वरच्या ओळीत छोट्या चित्रांमधे गेलंय. जुना लांबलचक मेनू पाहिजे तर शिफ्ट दाबून धरून राइट क्लिक करा, थेट जुनाच उघडतो. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात) घुसून कायमचा जुना मेनू करता येतो, पण शिफ्टची सवय दोन दिवसांत लागते, मी तरी रजिस्ट्रीच्या भानगडीत कोणाला पाडत नाही.

---

भुसावळ_जंक्शन

भारी धागा भाऊ. माझा प्रश्न त्या ढगावाल्या चित्राचाच आहे. वडिलांच्या लॅपटॉपवर डेस्कटॉपवरच्या पीएफ नि पेन्शनच्या फायली नेट नसलं की उघडतच नाहीत, आणि वर स्टोरेज भरलं म्हणून मेल येऊन राहिले. वडील रेल्वेतून रिटायर झालेत, त्यांना वाटतं कोणीतरी फायली चोरल्या.

---

गिरणाकाठ, जळगाव

@भुसावळ_जंक्शन, चोरी नाही, वनड्राइव्हचा बॅकअप चालू आहे. सेटअपच्या वेळी हो हो करत पुढं गेलं की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स नि पिक्चर्स हे तिन्ही फोल्डर वनड्राइव्हच्या आत जातात, आणि फुकटात मिळते ५ जीबी, ती फोटोंनी लगेच भरते.

घाईत वनड्राइव्ह अनइन्स्टॉल करू नका, हे महत्त्वाचं. आधी वनड्राइव्हचं फोल्डर उघडा, सगळ्या फायली निवडून राइट क्लिक, ऑल्वेज कीप ऑन धिस डिव्हाइस. सगळ्यांवर हिरवी टिक येईपर्यंत थांबा, म्हणजे फायली खरोखर लॅपटॉपवर उतरल्या. मग खाली घड्याळाजवळच्या ढगावर क्लिक, सेटिंग्ज, सिंक अँड बॅकअप, मॅनेज बॅकअप, आणि तिन्ही बंद. बंद केल्यावर डेस्कटॉप रिकामा दिसला तर वडिलांना सांगा घाबरू नका, फायली वनड्राइव्हच्या फोल्डरमधल्या डेस्कटॉपमधे असतात, तिथून उचलून बाहेर आणायच्या. आणि पेन्शनची कागदपत्रं एका पेनड्राइव्हवर वेगळी ठेवाच, ढगात असो की नसो.

---

पांझराकाठची, धुळे

नमस्कार. माझं आपले सरकार सेवा केंद्र आहे, दिवसभर फॉर्म, फोटो, स्कॅन, प्रिंट हेच काम. नवीन विंडोजवर गेल्यावर ज्या गोष्टींनी माझं काम खरंच हलकं झालं त्या सांगते.

सगळ्यात मोठी म्हणजे पॉवरटॉइज, छोट्या उपयोगी टूल्सचा संच. हे मायक्रोसॉफ्टचंच आहे, फुकट आहे, मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घ्यायचं. त्यात इमेज रिसायझर आहे. बँकेच्या परीक्षांच्या फॉर्मला २०० बाय २३० पिक्सेलचा फोटो लागतो आणि १४० बाय ६० ची सही, पोरं मोबाईलवरून चार-पाच एमबीचा फोटो घेऊन येतात आणि शेवटच्या तारखेला लाइन लागलेली असते. मी रिसायझरच्या सेटिंगमधे हे दोन साइझ बनवून त्यांना मराठीतच नावं दिली, परीक्षा फोटो नि परीक्षा सही. आता फोटोवर राइट क्लिक, रिसाइझ, परीक्षा फोटो, झालं. केबी जास्त भरत असतील तर तिथंच एन्कोडिंगमधे जेपीजीची क्वालिटी कमी करायची. फोटोचा आकार मूळचाच वेगळा असेल तर आधी क्रॉप करा, स्ट्रेच करू नका, चेहरा पसरतो नि फॉर्म रिजेक्ट होतो.

दुसरं त्यातलंच पॉवररीनेम. स्कॅनरमधून फायली येतात स्कॅन एक, स्कॅन दोन अशा, त्या सगळ्या निवडून एका झटक्यात गावाचं नाव नि तारीख पुढं लावता येते. सातबारे शोधायला फार सोपं पडतं.

विंडोज बटण आणि व्ही दाबलं की आधी कॉपी केलेल्या २५ गोष्टी दिसतात, हे पहिल्यांदा एकदा चालू करावं लागतं. नेहमीचा मजकूर पिन करून ठेवता येतो, माझ्याकडं केंद्राचा पत्ता पिन आहे. पण ज्यांचं केंद्र आहे त्यांनी लक्षात घ्या, लोकांचे आधार नंबर, पासवर्ड पण त्याच यादीत जाऊन बसतात. गिऱ्हाईक उठलं की क्लिअर ऑल दाबायचं ही सवय लावा. लोक आपल्यावर विश्वासाने कागद देतात.

आणि प्रिंटर. विंडोज स्वतःच डीफॉल्ट प्रिंटर बदलत राहते, शेवटची प्रिंट ज्याच्यावर दिली तो डीफॉल्ट. माझ्याकडं एक साधा नि एक रंगीत आहे, साध्या उताऱ्याची प्रिंट रंगीतवर जायची. प्रिंटर्स अँड स्कॅनर्समधे लेट विंडोज मॅनेज माय डीफॉल्ट प्रिंटर आहे ते बंद करा आणि मग आपल्याला पाहिजे तो डीफॉल्ट करा.

---

केळीवाला_रावेर

ताई पॉवररीनेमचं एकच नंबर. मी आमच्या केळी गटाचा हिशोब बघतो, गाडीच्या पावत्यांचे फोटो असतात त्यांना लगेच लावून पाहिलं.

मी नेट नि विजेबद्दल लिहितो कारण शेतावर वायफाय नसतं, सगळं मोबाईलच्या हॉटस्पॉटवर. नवीन लॅपटॉप जोडला की अपडेट सुरू नि दिवसाचा डेटा दुपारच्या आत खल्लास. उपाय असा की सेटिंग्ज, नेटवर्क, वायफाय, आपल्या हॉटस्पॉटच्या प्रॉपर्टीजमधे जाऊन मीटर्ड कनेक्शन (मोजका डेटा असलेलं नेट) चालू करा. मग मोठे अपडेट थांबतात, घरी ब्रॉडबँडवर आलो की होतात. अपडेट कायमचे बंद करू नका हां, त्यात सुरक्षेचे असतात, पॉज करायची सोय पाच आठवड्यांची आहे तेवढी पुरते. विंडोज अपडेटच्या अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधे डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन आहे, तिथं दुसऱ्या कॉम्प्युटरवरून डाउनलोड घ्यायचं बंद करा, नाहीतर तुमचा लॅपटॉप दुसऱ्याला अपडेट वाटत बसतो.

आणि एप्रिल-मे मधे आपल्याकडं ४५ च्या वर पारा जातो तेव्हा लॅपटॉपचा पंखा नुसता बोंबलतो. पॉवर अँड बॅटरीमधे पॉवर मोड बेस्ट पॉवर एफिशियन्सीवर ठेवा, वर्ड एक्सेल ब्राउझरला काही फरक पडत नाही, मशीन मात्र गार राहतं. गादीवर, गोधडीवर ठेवून वापरू नका, खालून हवा घ्यायच्या जाळ्या बंद होतात. कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबून स्टार्टअप अॅप्समधे जा, तिथं चॅटची, गेमची, म्युझिकची जी जी अॅप्स आपोआप चालू होतात ती डिसेबल करा, अँटिव्हायरस नि आवाजाचा ड्रायव्हर सोडून.

वीज गेल्यावर झाकण बंद करून लॅपटॉप झोपवला की बॅटरी हळूहळू उतरतच राहते. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समधे हायबरनेट लपवलेलं आहे, पॉवर बटणांच्या पानावर चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल म्हणून निळी ओळ आहे तिच्यावर क्लिक केलं की हायबरनेटची टिक खुलते. हायबरनेट केलं की उघडलेलं सगळं काम डिस्कवर जातं, बॅटरी शून्य झाली तरी काम जागच्या जागी.

---

सातपुडा_मास्तर, नंदुरबार

सर्वांना नमस्कार. अजून मराठी टायपिंगचा विषय कोणी घेतला नाही, माझ्या मते सगळ्यात आधी तोच घ्यायला पाहिजे होता. लॅपटॉप आपला झाला असं कधी म्हणायचं, तर त्यावर आपल्याला आपल्या भाषेत न अडखळता लिहिता आलं तर. रंग, वॉलपेपर, स्टार्ट बटण हे नंतरचं.

सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन, अॅड अ लँग्वेज, मराठी. आली की तिच्या समोरच्या तीन टिंबांवर लँग्वेज ऑप्शन्स, तिथं अॅड अ कीबोर्ड. इथं इनस्क्रिप्ट पद्धतीचा कीबोर्ड मिळतो आणि मराठी फोनेटिक पण मिळतो. फोनेटिक २०१९ च्या मे अपडेटपासून विंडोजमधेच आहे, इंग्रजी अक्षरांत टाइप करा, खाली मराठी शब्द सुचवतो, वेगळं काही डाउनलोड लागत नाही. विंडोज बटण आणि स्पेस दाबलं की इंग्रजी-मराठी बदलतं.

ज्यांना कधीमधी दोन ओळी लिहायच्या त्यांना फोनेटिक पुरे. पण ज्यांना रोज लिहायचंय, शिक्षक, ग्रामसेवक, पत्रकार, त्यांना मी हात जोडून सांगतो, इनस्क्रिप्ट शिका. डाव्या हाताला स्वर नि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं, एवढीच त्याची मांडणी आहे. आमच्या शाळेतली सातवीची मुलं रोज थोडा थोडा सराव करून बिनबघता टाइप करतात, त्यातली बरीचशी घरी भिलोरी किंवा पावरी बोलणारी आहेत. आणि हिंदी, गुजराती, बंगाली सगळ्यांची मांडणी तीच असल्यामुळे एकदा हात बसला की नवापूरच्या सीमेवरच्या पोरांना गुजराती पण त्याच बोटांनी लिहिता येतं.

एक बारीक गोष्ट दाखवतो कारण ती रोज चुकताना बघतो. शेतकऱ्यांचा, दुसऱ्या, सुऱ्या हे शब्द. लोक साधा र, हलंत (पाय मोडायचं चिन्ह), य असं टाइप करतात आणि मग शेतकर्यांचा असं य च्या डोक्यावर रफार येऊन बसतो. त्याला नुक्तावाला, म्हणजे खाली टिंब असलेला, ऱ लागतो. इनस्क्रिप्टमधे र हा जे वर आहे, शिफ्ट जे दाबलं की ऱ, मग डी म्हणजे हलंत, मग य. बस, ऱ्य तयार. ऱ्ह ला तेच, शिफ्ट जे, डी, आणि यू वर ह. आपल्या अहिराणीत तर याच्याशिवाय वाक्य पुरं होत नाही, करी ऱ्हायना, जाई ऱ्हायना, सगळीकडं ऱ्ह. अहिराणीतून लिहिणाऱ्या पोरांनी हे एवढं शिकून घ्या. ळ पण असाच, एन वर ल, शिफ्ट एन वर ळ.

फाँटचं सांगतो. जुन्या वर्ड फायली मंगल फाँटमधे असतात आणि नवीन मशीनवर मंगल नसतो, मग ओळी सरकतात नि एका पानाचं पत्र दीड पानावर जातं. सेटिंग्ज, सिस्टीम, ऑप्शनल फीचर्स, तिथं देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स शोधा नि टाका. मंगल, कोकिळा, उत्साह, अपराजिता सगळे येतात. छान छपाईचे पाहिजे असतील तर राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा नि यशोवेणू हे मोफत आहेत.

---

चाळीसगावचा_मन्या

मास्तर, मन्हा डोकाना ताप गया. ऱ्या चं मला आजपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं, मी कुठून तरी कॉपी करून आणायचो.

एक विचारायचंय. आमच्या पतसंस्थेत जुने ठराव, इतिवृत्त सगळं श्री-लिपी नि कृतिदेवमधे टाइप केलेलं आहे. नवीन लॅपटॉपवर उघडलं तर नुसती इंग्रजी अक्षरं नि चिन्हं दिसतात. फाइल खराब झाली का?

---

सातपुडा_मास्तर, नंदुरबार

फाइल चांगली आहे मन्याभाऊ. हे फाँट युनिकोडच्या (सगळ्या मशीनवर सारखीच चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीच्या) आधीचे आहेत, म्हणजे आत साठवलेली अक्षरं इंग्रजी नि चिन्हंच असतात, फक्त फाँट त्यांना मराठीचा आकार देतो. फाँट नाही तर मराठी नाही. म्हणून पहिलं काम, जुन्या मशीनच्या फाँट्स फोल्डरमधून ते फाँट कॉपी करून नवीनवर टाका, म्हणजे निदान वाचता येईल नि प्रिंट निघेल. जुनं मशीन भंगारात द्यायच्या आधी हे करा. दुसरं काम कन्व्हर्टरने युनिकोडमधे आणणं, पण प्रत्येक फाँटचा कन्व्हर्टर वेगळा असतो, एकाचा दुसऱ्याला लावला की अक्षरं भलतीच होतात. जोडाक्षरं नि रफार रूपांतरात हमखास हलतात म्हणून पतसंस्थेचे ठराव असतील तर माणसाने मूळ कागदाशी ताडून बघितल्याशिवाय वापरू नका, नावं नि रकमा तर नक्कीच. नवीन जे काही टाइप कराल ते मात्र आजपासून युनिकोडमधेच करा. युनिकोडमधलं शोधता येतं, मोबाईलवर वाचता येतं, वीस वर्षांनी पण उघडेल.

---

पांझराकाठची, धुळे

मास्तरांना एक जोड. माझ्याकडं कामाला येणाऱ्या मुली टायपिंग इन्स्टिट्यूटमधून रेमिंग्टन (जुन्या टाइपरायटरची मांडणी) शिकून आलेल्या असतात, त्यांना इनस्क्रिप्टवर एकदम बसवलं की स्पीड पडतो नि त्या नाराज होतात. विंडोजमधे मराठीसाठी रेमिंग्टन आतून मिळत नाही, वेगळं टूल टाकावं लागतं. मी त्यांना रेमिंग्टन लेआउटवरच पण युनिकोड फाँटमधे काम करायला लावते. लेआउट कोणता का असेना, बाहेर पडणारं अक्षर युनिकोड पाहिजे.

---

सातपुडा_मास्तर, नंदुरबार

ताई, हे शंभर टक्के बरोबर. ज्यांचा हात आधीच बसलाय त्यांचा मोडू नये.

---

अमळनेरकर_भो

भो, सगळे नवीन लॅपटॉपवाले दिसताय. माझ्याकडं चौथ्या जनरेशनचा आय३, ४ जीबी रॅम, विंडोज १०. अपडेट बंद झाले म्हणता मग याचं काय करायचं? एक जण म्हणे रुफस नावाच्या सॉफ्टवेअरने पेनड्राइव्ह बनवून जबरदस्ती ११ टाकता येते.

---

गिरणाकाठ, जळगाव

येते. ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नि साधारण आठव्या किंवा त्यापुढच्या जनरेशनचा इंटेल लागतो, रुफस ती तपासणी गाळून टाकतो. पण असं मशीन मायक्रोसॉफ्टच्या हिशोबात बसत नाही आणि पुढं अपडेट मिळतीलच याची हमी ते देत नाहीत. घरी शिकायला म्हणून करा, पण ज्यावर बँकेचं काम आहे त्यावर मी करून देत नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. तुझ्या आय३ ला दोन सरळ रस्ते आहेत. एक, विंडोज १० चेच वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, विंडोज अपडेटच्या पानावर एनरोलची लिंक येते, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला की पैसे लागत नाहीत. दुसरा, लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी टाकायची फुकट सिस्टीम. आणि काहीही कर, हार्ड डिस्क काढून एसएसडी (वेगवान डिस्क) टाक, जुन्या मशीनला त्याच्याइतका फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही.

---

तापीपुत्र, चोपडा

मिंटचं मी सांगतो, माझ्या नि बहिणीच्या दोन्ही जुन्या मशीनवर तेच आहे. मिंट २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, २ जीबी रॅमवर चालतं पण ४ असेल तर बरं. अमळनेरकर भाऊ तुमच्यासाठी एक्सएफसीई वाली आवृत्ती घ्या, सिनॅमन दिसायला सुरेख पण जरा जड. पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून बघता येतं, डिस्कला हात न लावता, वायफाय चालतंय का, आवाज येतो का, प्रिंटर सापडतो का हे तिथंच कळतं. मगच इन्स्टॉल.

पहिलं काम टाइमशिफ्ट. सिस्टीमचा स्नॅपशॉट घेऊन ठेवतं, नंतर कस्टमाइझ करताना काही बिघडलं तर मागच्या दिवसावर परत जाता येतं. मग बिनधास्त खेळा. पॅनल वर न्या, बाजूला न्या, विंडोज ११ मधे टास्कबार वर न्यायची जी सोय पहिल्यापासूनच काढून टाकली ती इथं राइट क्लिकवर आहे. थीम, आयकॉन, अॅपलेट सगळं सिस्टीम सेटिंग्जमधूनच मिळतं, बाहेरच्या साइट धुंडाळायची गरज नाही.

मराठीसाठी कीबोर्ड सेटिंगच्या लेआउट टॅबमधे इंडियनच्या खाली मराठी एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट आहे, मास्तरांनी सांगितलेली बोटं तशीच चालतात. फोनेटिकवाल्यांनी इनपुट मेथडमधे जाऊन आयबस आणि एम१७एन ही टायपिंगची पॅकेजं टाकायची.

लिबर ऑफिसमधे एक गंमत होते ती बघून ठेवा, फाँट बदलला तरी मराठी मजकूर बदलतच नाही. कारण तिथं देवनागरीचा फाँट नि आकार वेगळा ठरतो. टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेसमधे कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करून मराठी निवडा, मग कॅरेक्टर फॉरमॅटिंगमधे त्याचा वेगळा रकाना दिसतो, तिथं पाहिजे तो फाँट द्या. व्ह्यूमधे यूजर इंटरफेस टॅब्ड केलं की वर्डसारख्या पट्ट्या येतात, नवख्या माणसाला ओळखीचं वाटतं.

सेवा केंद्रवाल्यांनी मात्र मिंटवर येऊ नका असंच मी म्हणेन. अंगठ्याच्या मशीनचं आरडी सर्व्हिस सॉफ्टवेअर बहुतेक विंडोज नि अँड्रॉइडसाठीच असतं, हिशोबाचं टॅली पण थेट चालत नाही. दोन्ही ठेवायचे असतील तर विंडोजचं फास्ट स्टार्टअप आधी बंद करा, नाहीतर विंडोजची ड्राइव्ह मिंटमधून उघडते पण त्यात काही सेव्ह होत नाही.

---

अमळनेरकर_भो

वा भो, एसएसडी नि मिंट दोन्ही करतो. लाइव्ह चालवून वायफाय चालतं का ते इथंच कळवतो.

---

यावल_टेक

मी विंडोज ११ वर एक स्क्रिप्ट (आपोआप बदल करणारा छोटा प्रोग्राम) चालवली, एका क्लिकमधे सगळा कचरा साफ. जाहिराती गेल्या, एज ब्राउझर गेलं, स्टोअर गेलं, मशीन सुसाट. सगळ्यांनी तेच करा ना, एवढं एक एक सेटिंग कशाला शोधायचं?

---

गिरणाकाठ, जळगाव

@यावल_टेक, तुला कॉम्प्युटर कळतो, उद्या काही अडलं तर तू सोडवशील. पण हा धागा वाचून कोणी आपल्या आईच्या लॅपटॉपवर ते चालवलं तर? स्टोअर गेलं म्हणजे उद्या स्कॅनरचं अॅप टाकायला जागाच नाही. बरीचशी अॅप्स एजचाच भाग आतून वापरतात. आणि मोठं अपडेट आलं की अशा स्क्रिप्टचं, जुना टास्कबार आणणाऱ्या टूल्सचं काही ना काही अडकतं, कधी टास्कबारच गायब होतो. ज्या कचऱ्याचं तू म्हणतोस त्यातला बराचसा सेटिंग्जमधून जातो. पर्सनलायझेशनच्या स्टार्टमधे रेकमेंडेड फायली नि टिप्स बंद कर. प्रायव्हसीच्या जनरल पानावरची सगळी बटणं बंद कर. नोटिफिकेशन्सच्या अगदी तळाशी अॅडिशनल सेटिंग्ज आहे, त्यातल्या टिक काढ, सूचनांच्या नावाखाली येणाऱ्या जाहिराती तिथूनच थांबतात. नको ती अॅप्स स्टार्टमधे राइट क्लिक करून अनइन्स्टॉल. चहा पिऊन होईपर्यंत सगळं होतं आणि अपडेट आलं तरी टिकतं.

करायचंच असेल तर आधी रीस्टोअर पॉइंट (मागच्या स्थितीवर परत यायची खूण) बनव, सिस्टीम प्रोटेक्शन कधी कधी बंद असतं ते चालू करून.

---

यावल_टेक

पटलं दादा. रीस्टोअर पॉइंटचं माझ्याकडं बंदच होतं, आता चालू केलं. माझ्याकडून एक टिप, एखादं अॅप हँग झालं की टास्कबारवरूनच मारता येतं. सेटिंग्ज, सिस्टीममधे फॉर डेव्हलपर्स, नवीन आवृत्तीत त्या पानाचं नाव अॅडव्हान्स्ड झालंय, तिथं एंड टास्क चालू करा. मग टास्कबारवरच्या चित्रावर राइट क्लिक केलं की एंड टास्क दिसतं.

---

भुसावळ_जंक्शन

वडिलांच्या फायली परत आल्या, गिरणाकाठ भाऊ मनापासून धन्यवाद. आता ते म्हणतात अक्षर बारीक दिसतं. रिझोल्यूशन कमी केलं तर सगळं धुरकट दिसतंय.

---

पांझराकाठची, धुळे

रिझोल्यूशनला हात लावू नका दादा, ते रेकमेंडेडवरच ठेवा. अॅक्सेसिबिलिटीमधे टेक्स्ट साइझ आहे, २२५ टक्क्यांपर्यंत जातं, नुसती अक्षरं मोठी होतात नि धारदार राहतात. काकांसाठी १३० पासून सुरू करा. त्याच्याच खाली माउस पॉइंटर मोठा नि रंगीत करता येतो, माझ्या सासऱ्यांना पिवळा करून दिलाय, पांढरा बाण पांढऱ्या पानावर त्यांना सापडायचाच नाही. ब्राउझरमधे कंट्रोल नि अधिकचं चिन्ह. संध्याकाळी बसत असतील तर नाइट लाइट लावा, डोळ्यांची आग होत नाही.

---

केळीवाला_रावेर

एक शेवटचं विचारतो. मास्तरांनी सांगितल्यासारखं मराठी टाकलं, नंतर रीजनल फॉरमॅट पण मराठी करून बघितला तर घड्याळ नि तारीख मराठी आकड्यांत आली, मला ते आवडलंय. पण हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधे तारीख चुकीची म्हणून एरर येते.

---

सातपुडा_मास्तर, नंदुरबार

कंट्रोल पॅनल, रीजन, अॅडिशनल सेटिंग्ज, नंबर्सच्या टॅबमधे सगळ्यात खाली यूज नेटिव्ह डिजिट्स आहे, ते नेव्हर करा. महिन्यांची, वारांची नावं मराठी राहतील, आकडे इंग्रजी होतील, सॉफ्टवेअरची तक्रार थांबेल. तरी थांबली नाही तर फॉरमॅट इंग्रजी इंडिया करा, कीबोर्ड नि टायपिंग मराठीच राहतं, त्याचा याच्याशी संबंध नाही. आणि ऑनलाइन फॉर्ममधे मोबाईल नंबर, खाते नंबर टाकताना विंडोज स्पेस दाबून इंग्रजी कीबोर्डवर येऊनच टाका, बरेच पोर्टल मराठी आकडे घेत नाहीत.

---

केळीवाला_रावेर

नेव्हर केलं, सॉफ्टवेअर चालू झालं, पावत्या निघाल्या. वार पण मराठीतच राहिले.